माझ्या मागून कोण उतरलं?

खरं सांगतोय. पटलं नाही तर सोडून द्या, पण खाली ‘उन्हाचा भास असेल’ असं लिहू नका. ते ऐकून ऐकून माझं डोकं उठलं आहे.

मी चंदन, नागपूरचा. गोष्ट याच मार्चमधली. आणि रात्रीची नाही... भर दुपारची.

भिवापूरच्या पुढे जंगलात एक डोंगर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, उद्या तुम्ही गाड्या काढून निघाल. मी आणि धाकटी बहीण ऋतुजा, दोघंच गेलो होतो. आठवडाभर हवामान एकदम स्थिर होतं. आकाश निरभ्र, वारा नाही, पावसाचं नाव नाही. लोक म्हणतात, डोंगर चढायला यापेक्षा चांगला दिवस कोणता?

अहो, पावसात माणूस जपून पाय टाकतो. अशा साफ दिवशी कोणी जपत नाही. म्हणून आदल्या दिवशीच बजावलं होतं, उजाडताच चढू आणि ऊन तापायच्या आत खाली येऊ.

बाईसाहेब उठल्याच उशिरा. वरून आपली पाण्याची बॉटल घरीच विसरल्या.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर. खडक तव्यासारखे तापलेले. दोघांनीही तोंडाला दुपट्टे गुंडाळले होते, तिचा पिवळा, माझा निळा, वर गॉगल. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळेच असे फिरतात. सख्खा भाऊ समोरून गेला तरी ओळखू येत नाही.

माझ्याकडे एकच बॉटल उरली होती, तीही अर्धी.

“चल, उतर आता.”

“थोडं बसू दे ना दादा. काहून चिल्लावून राहिला?”

“बस मग इथंच. मी चाललो.”

ताडताड निघालो. थोडं खाली आल्यावर वळून पाहिलं...

ती येत होती. तोच पिवळा दुपट्टा, तोच गॉगल.

आली शेवटी सरळ, असं मनात म्हटलं. बोललो नाही. तीही बोलली नाही. आमच्या घरात रुसवा असाच चालतो.

सागाचं जंगल. पानगळ झालेली, वाटेवर घोट्याइतका पाचोळा. पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज.

कर्र... कर्र... कर्र...

माझ्याच पायांचा.

मागून काहीच नाही...

थांबून पाहिलं. ती होती, अगदी हातभर अंतरावर.

वारा अजिबात नव्हता. झाडावर उरलेलं एक पानही हलत नव्हतं.

तिच्या दुपट्ट्याचं टोक मात्र... हलत होतं.

मी इतका वैतागलो होतो की लक्षच दिलं नाही. तुम्हीच सांगा, स्वतःच्या बहिणीच्या पावलांचे आवाज कोण ऐकत बसतं?

बॉटल पुढे केली. “पी. नाहीतर चक्कर येईल.”

तिनं घेतली. दुपट्ट्याच्या आत धरली. पाणी पिण्याचा आवाज आला नाही.

परत दिली तेव्हा... रिकामी.

“पूरं संपवलं? मले एक घोट तर ठेवाचा!”

रिकामी बॉटल तशीच हातात घेऊन पुढे निघालो.

पायथ्याशी नत्थूजींची चहाची टपरी आहे, चढायच्या आधी दोघं तिथंच थांबलो होतो. बाकावर टेकलो.

“एकटेच उतरले का गा भाऊ? पोट्टी कोठी हाय?”

“ही काय...”

मागे कोणी नव्हतं.

वाटेवर दूरपर्यंत नुसतं ऊन.

मग कसा धावलो ते माझं मला माहीत. नत्थूजी खांद्यावर पाण्याची कॅन घेऊन मागे. तशा उन्हात पाण्याविना माणसाचं काय होतं, हे मला पक्कं माहीत होतं. माझी बहीण वर होती, आणि तिच्या वाट्याचं पाणी मी कोणाला तरी पाजून आलो होतो.

ती माथ्यावरच होती. आम्ही भांडलो त्याच खडकाला टेकून. ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. नत्थूजींनी डोक्यावर पाणी ओतलं, तोंडात थेंब थेंब सोडलं. बऱ्याच वेळानं ती बोलली.

“आता काहून देऊन राहिला?”

“काय?”

“इतका वेळ बाजूले बसून होता. मी पाणी मागू मागू थकली, तू बोल्ला नाही. उठाले गेली की हात धरून बसवे.”

“ऋतुजा, मी खाली होतो वं! विचार नत्थूजीले.”

“माझ्यासमोर पूरी बॉटल पेला तू.” ती रडायला लागली. “दुपट्टा न काढता पेला.”

नत्थूजी माझ्याकडे बघतच राहिले.

“भाऊ... तोंडावरचं काढा आधी.”

उतरताना त्यांनी मला पुढे चालायला लावलं, तोंड उघडं ठेवून. नंतर मी मुद्दाम टपरीवर जाऊन विचारलं, तिथं काय आहे? त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी ‘ऊन लागलं’ म्हणून सांगितलं. बरं, दोघांनाही लागलं समजा. मग बॉटल रिकामी कोणी केली? उतरताना मी घोटभरही प्यायलो नव्हतो!

ऋतुजा आता ठणठणीत आहे. कॉलेजला जाते, मैत्रिणींशी तासन्‌तास बोलते. पण वर तिच्याजवळ मीच बसलो होतो, यावर ठाम आहे. शपथा घेतल्या, नत्थूजींना फोन लावून दिला. काही उपयोग नाही. परवा तर आईनंच हळू आवाजात विचारलं, “चंदन, इतका राग काहून आला होता गा तुले?”

आता कुणाला काय सांगू?

काल ऋतुजा उन्हातून घरी आली. मी माठातलं पाणी भरून ग्लास पुढे केला. तिनं तो घेतला, आत पाहिलं, मोरीत ओतला आणि स्वतःच्या हातानं दुसरा भरून प्यायली.