अर्धं बोट पाणी

"तुम्हीच गप्पी का?"

फोनवर एका बाईचा कडक आवाज, आणि विचारतोय काय, तर हे! गप्पी एक्स-रेच्या खोलीत एका म्हाताऱ्याचा गुडघा प्लेटवर नीट ठेवत होती. तिला हसूच फुटणार होतं, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं.

"इन्स्पेक्टर बोलतेय. तुमच्या त्या माशांच्या ग्रुपमधल्या बाई बेपत्ता आहेत. आणि ज्याला तुम्ही पंप म्हणता, तो कालपासून आमच्याकडे आहे. मला माशांतलं कळणारं माणूस हवंय. पत्ता पाठवते, निघा."

हसू तिथल्या तिथे विरलं. म्हातारा विचारतोय, "पोरी, फोटो निघाला का?" आणि ही आलेला पत्ता वाचतेय.

आता हा ग्रुप काय होता, ते आधी ऐका. नाव 'काचेपलीकडे'. घरात मासे पाळणारी चाळीसेक माणसं. खरी नावं कुणालाच ठाऊक नाहीत, टोपणनावांवर सगळं चालायचं. रोज संध्याकाळी सात वाजता हजेरी. आपल्या टाकीचा आजचा फोटो टाकायचा, खाली दिवस कसा गेला ते तीन-चार ओळींत लिहायचं. बाकीच्यांनी हार्ट द्यायचं, थट्टा करायची, झालं. कुणाचा बॉस खडूस, कुणाची सासू रुसलेली, सगळं सगळ्यांना माहीत.

गप्पी म्हणजे आपली ही एक्स-रेवाली. पहिले मासे गप्पी पाळले, आणि तोंडाला कुलूप नाही, म्हणून ते नाव. पंप म्हणजे फ्रिज दुरुस्त करणारा एक अबोल माणूस. कुणाचाही पंप बिघडला की फुकट नीट करून द्यायचा. आणि बाई म्हणजे बाईच. लहान मुलांच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न नाही, मूल नाही. ग्रुपमध्येही शाळाच चालवायच्या. गुरुवारी माशांचा उपास हा त्यांचाच नियम. माशांची पोटं साफ राहतात म्हणे. गुरुवारी कुणी चुकून खाऊ टाकला की बाई लिहायच्या, "उभे राहा बघू बाकावर!"

बाईंच्या घरी पोचेपर्यंत गप्पी मनातल्या मनात शंभर वेळा म्हणाली असेल, पंपदादा असं करणं शक्यच नाही.

बिल्डिंगच्या दाराशी वॉचमन फिनेल ओतत होता. तळमजल्यावर गॅरेजांची रांग, सगळी शटरं बंद. कसलातरी वास.

"उंदीर मेलाय कुठंतरी. चार दिवस शोधतोय. जा वर, तिसरा मजला," तो म्हणाला.

वर दारातच इन्स्पेक्टर मॅडम उभ्या. पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं. आत सोफ्यावर एक माणूस डोकं धरून बसलेला. मॅडमनी ओळख करून दिली. "हे बाईंचे धाकटे भाऊ. तक्रार यांनीच दिली."

"ताईचा काही पत्ता लागला का हो?" त्याने गप्पीलाच विचारलं. डोळे लाल होते बिचाऱ्याचे.

मॅडमनी भराभरा सांगितलं. शनिवारी सात वाजता बाईंनी नेहमीसारखी हजेरी टाकली. 'पंप खडखडतोय, आमच्या पंपला बोलावलंय, वाट बघतेय.' पंपला वेगळा मेसेजही होता, साडेसातला या. तो साडेसातला आला, वॉचमनने पाहिलं. दहा मिनिटांत खाली उतरला. त्यानंतर बाईंचं कुठेच काही नाही. रविवारी भाऊ बाहेरगावाहून परतले, दार उघडेना, म्हणून स्वतःजवळच्या किल्लीने उघडलं. आत कुणी नाही. बाईंचा फोन चार्जिंग संपून पडलेला.

"पंपदादा काय म्हणतात?"

"म्हणतो, बेल वाजवली, दार उघडलं नाही, परत गेलो. पण टाकीभर त्याच्या बोटांचे ठसे आहेत."

"असणारच ना! टाकी त्यांनीच तर बसवली."

"आणि मागच्या महिन्यात ग्रुपमध्ये बाईंशी भांडला होता."

"अहो मॅडम, खाऊ जास्त घालता म्हणून भांडले होते! त्याला भांडण म्हणतात?"

"शेवटचा तोच आला होता," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "दुसरा कुणी दाखवा, त्याला सोडते. तोवर मासे बघा. मरतायत वाटतं."

गप्पी टाकीकडे वळली. खिडकीशेजारी चार फुटांची टाकी, वर झाकण नाही. माशांची अख्खी फौज काचेला येऊन भिडली. पोटं खपाटीला गेलेली. एक मासा कोपऱ्यात उलटा तरंगत होता. फिल्टरचं पाणी वरून बदाबदा पडत होतं. पंप मात्र अगदी गुळगुळीत चालत होता. कुठली खडखड न् कुठलं काय.

आणि पाणी? पाणी केवढं खाली गेलं होतं!

मागच्या काचेवर एक काळी रेघ होती. पंपदादांनीच मार्करने मारून दिलेली. बाई रोज सातच्या आधी त्या रेघेपर्यंत पाणी भरायच्या, मग फोटो काढायच्या. गप्पीने काचेवर बोटं आडवी लावली. रेघेपासून पाण्यापर्यंत. एक, दोन, तीन, चार. आणि वर अर्धं.



"मॅडम, हा स्टँड कशाचा?" टाकीशेजारी एक रिकामा स्टँड होता.

भाऊच बोलला. "ताईच्या टॅबचा. डोळे अधू ना तिचे, सगळं टॅबवरच करायची. तोही गेला. त्यानेच नेला असणार."

"तुमची नि बाईंची शेवटची भेट कधी?"

"पंधरा दिवस झाले. मागच्या सोमवारी पहाटे मी कामाला बाहेरगावी गेलो. शनिवारची रात्रही हॉटेलातच. मॅडमनी चौकशी केलीय."

"केलीय. सहाही दिवस तिथेच होते," मॅडम म्हणाल्या.

"गाडीने गेलात?"

"बसने. गाडी... बिघडलीय जरा."

  गप्पी खाली बसली आणि तिने फोन काढला.

एक्स-रेवाल्यांना एक खोड असते. नवी फिल्म आली की जुनी शेजारी लावून बघायची. एकटी फिल्म काहीच सांगत नाही, दोन शेजारी ठेवल्या की हाड बोलायला लागतं. गप्पीने बाईंच्या हजेऱ्या काढल्या आणि फोटो ओळीने लावले. मागच्या रविवारपासून शनिवारपर्यंत. सात फोटो.

रोज बघितले होते तिने हे. प्रत्येकाला हार्ट दिलं होतं. एकदाही शेजारी शेजारी ठेवले नव्हते.

प्रत्येक फोटोत तिने एकच कोपरा मोठा करून बघितला.

मग तिने पहिल्या फोटोखालची, रविवारची हजेरी वाचली. नीट, अक्षर न् अक्षर. 'आज पाहुणा येणार. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, त्याच्याशी आज वाईटपणा घ्यावा लागणार. त्याने ऐकलं तर ठीक, नाहीतर उद्या मीच जाऊन सांगून येईन. तुमच्यापैकी कुणाशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.'

"मॅडम, हा रविवारचा पाहुणा कोण?"

"वाचलंय मी ते. असेल एखादा जुना विद्यार्थी. पण त्यानंतर सहा दिवस बाई मजेत लिहीत होत्या. मग त्याचा काय संबंध?"

"बाई नव्हत्या लिहीत," गप्पी म्हणाली.

मॅडमनी वळून बघितलं.

"काय?"

"हे रोप बघा." तिने फोन मॅडमच्या हातात दिला. "हे कोपऱ्यातलं उंच. रविवारी ते पार पाण्याच्या वर डोकं काढून आहे. सोमवारी जरा खाली. मंगळवारी आणखी खाली. शनिवारी बघा, निम्मं! रोप रोज बुटकं होतंय मॅडम. कधी बघितलंय असं?"

"कापलं असेल," भाऊ पटकन म्हणाला.

"कापलं की एकदम बुटकं होतं आणि शेंडा जातो. इथे शेंडा सहाही दिवस जागच्या जागी आहे. हे फोटो उलटे टाकलेत. बाई रोज दोन फोटो काढायच्या, त्यातला एकच टाकायच्या. उरलेला टॅबमध्येच. टॅब उघडला की सगळ्यात नवा फोटो वर दिसतो, त्याच्या मागे जुना. कुणीतरी वरून सुरुवात केली आणि रोज एकेक उचलत मागे मागे गेलं. ज्याला मासे कळत नाहीत, त्याला सगळे फोटो सारखेच वाटणार ना!"

मॅडमनी चष्मा लावला. एकेक फोटो मोठा करून बघितला.

"आणि गुरुवार वाचा," गप्पीला आता धाप लागली होती. "'आज माशांना पोटभर खाऊ घातला.' गुरुवारी? बाईंनी? चाळीस जणांना बाकावर उभं केलंय त्यांनी ह्यावरून! कुणीतरी थट्टासुद्धा केली खाली, 'बाई, आता तुम्हीच उभ्या राहा.' उत्तर नाही आलं. आम्हाला वाटलं, विसरल्या असतील."

"पण बाई नेमक्या गेल्या कधी, ते यावरून नाही कळत."

"ते पाणी सांगतंय. अर्धं बोट पाणी रोज उडतं, हे बाईंनीच शंभर वेळा लिहिलंय. शनिवारी त्यांनी पाणी भरलं असतं, तर आज मंगळवारी दीड बोट कमी हवं. इथे साडेचार आहे. तुम्हीच लावून बघा. साडेचार बोटं म्हणजे नऊ दिवस. नऊ दिवस मागे गेलं की येतो तो रविवार. पाहुण्याचा."

मॅडम खरंच उठल्या. काचेवर बोटं लावली. मोजली. परत मोजली.

"म्हणजे शनिवारचा मेसेज..."

"पंपदादांना मुद्दाम बोलावलं. बाई शनिवारपर्यंत होत्या असं दाखवायचं, आणि शनिवारी दारात कुणालातरी उभं करायचं. मॅडम, ह्याचा फायदा कुणाला? पंपदादा तर रविवारीही गावातच होते नि शनिवारीही. त्यांना कशाला हे नाटक हवंय? हे त्याला हवं, जो शनिवारी लांब होता आणि रविवारी इथे होता."

आता दोघींनी एकदमच सोफ्याकडे बघितलं.

"काहीतरीच काय!" भाऊ उठला. "माझी सख्खी बहीण आहे ती. आईच्या मागे तिनेच वाढवलं मला."

"बोट धरून चालायलाही त्यांनीच शिकवलं असेल," गप्पी म्हणाली. "गाडी कशी बिघडली हो तुमची?"

"इंजिनचं काहीतरी..."

"पुढचा दिवा नाही ना फुटला?"

त्याने नकळत खिशावर हात ठेवला.

आता गप्पी मॅडमकडे वळली. "मॅडम, तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे एक सफाई कामगार आला होता. पहाटे रस्ता झाडत होता. एक गाडी त्याला उडवून पळून गेली. कंबरेचा नुसता चुरा, मीच एक्स-रे काढला त्याचा. हजेरीत लिहिलं मी ते. त्या दिवसापासून बाई रोज विचारायच्या, 'तो माणूस कसा आहे गं?' मला वाटायचं, किती मायाळू! दहा दिवसांपूर्वी, शनिवारी मी लिहिलं, 'गेला.' आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुणा बोलावला."

मॅडमनी हात पुढे केला. "खालच्या गॅरेजची किल्ली."

"ते... ताईचं आहे गॅरेज. किल्ली तिच्याकडे."

"तुमच्या खिशातल्या जुडग्यात घराची किल्ली आहे, मी बघितलीय. तिच्याशेजारी एक छोटी आहे. ती कशाची?"

तो दाराकडे बघत होता. दारात हवालदार. मग अचानक तो जमिनीवरच बसला.

"मी फक्त दार अडवलं हो," तो म्हणाला. "ती म्हणाली, उद्या कशाला, आत्ताच जाते पोलिसांत. चपला घातल्या तिने. मी नुसतं अडवलं, ढकललं जरासं. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर... मी काही... ताईला कसं मारीन मी?"

"मग डॉक्टर का नाही बोलावला?" मॅडमनी विचारलं.



शटर वर गेलं तेव्हा गप्पी जिन्यातच थांबली होती. वॉचमनच्या हातातली फिनेलची बाटली खाली पडल्याचा आवाज तेवढा आला. आत भावाची गाडी होती, पुढचा दिवा फुटलेला; अपघातानंतर त्याने ती इथे लपवली आणि इथेच ती बाईंच्या नजरेस पडली होती. बाई मागच्या डिकीत होत्या, शाल गुंडाळलेल्या. पायात चपला तशाच. रविवारी परतल्यावर तो गाडी हलवणार होता म्हणे, पण पोलिसांची ये-जा सुरू झाली आणि ते राहूनच गेलं. टॅब त्याच्याच बॅगेत सापडला.

पंपदादा संध्याकाळी सुटले. घरी गेले नाहीत, तडक बाईंच्या बिल्डिंगपाशी आले. मॅडमनी त्यांना वर सोडलं. ते बादल्या भरभरून पाणी ओतत होते आणि गप्पी जिन्यात बसून परत परत तीच रविवारची हजेरी वाचत होती. 'तुमच्यापैकी कुणाशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.'

खाली सदतीस हार्ट. एकही शब्द नाही. तिसरं हार्ट तिचं स्वतःचं, सात वाजून दोन मिनिटांनी दिलेलं. तेव्हा ती बसमध्ये होती. वाचलंच नव्हतं तिने. फोटो बघितला, टिचकी मारली, पुढे.

सात वाजले. फोन थरथरला. पंपदादांची हजेरी होती. बाईंच्या टाकीचा फोटो, पाणी बरोबर काळ्या रेघेला टेकलेलं. खाली दोनच शब्द. 'पाणी भरलं.'

बघता बघता हार्ट पडायला लागली. चार, नऊ, पंधरा.

गप्पीचा अंगठा सवयीने पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि उठून जिना चढली.

पंपदादा टाकीपुढे जमिनीवर बसले होते, रिकामी बादली मांडीवर घेऊन.

"पंपदादा," ती त्यांच्याशेजारी बसली. "बोला माझ्याशी."