रिकाम्या घोडियाचा झोका

सुरतेच्या उधन्यात घोडियुं बनवणारे बरेच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या कामातले सांधे रंगाखाली लपवलेले असतात. घोडियुं म्हणजे तिथल्या घराघरांतला पाळणा. दोन बाजूंना नळीचे पाय, वर आडवा दांडा, दांड्याच्या आकड्याला टांगलेली कापडी झोळी आणि झोका द्यायला दोरी. नळी इतकी पातळ, की साध्या रॉडने वेल्डिंग करताना हात जरा रेंगाळला की भोक पडतं. मग भरा पुट्टी आणि मारा गुलाबी रंग. गजेंद्रला याची चीड होती. ज्यात पोर झोपणार, त्यात कसली लपवाछपवी?

हे काम टिग वेल्डिंगचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हजीऱ्याच्या कारखान्यात नोकरीला असताना त्याने टिगवर हात बसवला होता. बारीक आर्क, म्हणजे विजेची ज्योत, भोवती गॅसचं पांघरूण, सांधा कसा गोरागोमटा. आता स्वतःचा गाळा होता, शेजारी कापड विणणाऱ्या लूमचा अखंड खडखडाट होता आणि घरी हर्षदाला आठवा सरत आला होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, डॉक्टरांचे उंबरे झिजवून राहिलेला गर्भ. गजेंद्र देवाजवळ दुसरं काही मागत नव्हता.

मशीनच्या दुकानातला योगेंद्रही गजेंद्रसारखाच धुळ्याकडचा. तो म्हणाला, "भाऊ, मोठ्या मशीनचा नाद सोड. पातळ नळीला अँपिअर खालपर्यंत उतरला पाहिजे आणि आर्क न घासता पेटला पाहिजे. बाकी सगळा दिखावा."

"मग हे बारकं मशीन घेतो."

"मशीन परवडतं रे. पुढे गन, गॅसचं मीटर, पायातलं पेडल, आपोआप काळं होणारं हेल्मेट, त्यातच माणूस मरतो. कामरेजला एक बाई नवऱ्याचा सगळा सेट विकायला काढतेय. तोही घोडियुंच बनवायचा. जाऊन तर बघ."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. कामरेजच्या मंगलाबाईंनी पत्र्याच्या शेडमध्ये सगळं पुसून ठेवलं होतं. पेडलसुद्धा होतं, सिलिंडरसुद्धा होता. त्यांनी घासाघीस केली नाही. फक्त विचारलं, "घरी लहान कोणी?"

"व्हायचंय मावशी. पुढच्या महिन्यात."

मंगलाबाईंनी मशीनवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "मग नको नेऊ," त्या म्हणाल्या.

गजेंद्र मनात हसला. भाव वाढवायची ही रीत त्याने बाजारात खूप पाहिली होती. त्याने पैसे त्यांच्या हातात कोंबले आणि टेम्पोवाल्याला हाक मारली. बाई टेम्पोमागे रस्त्यापर्यंत आल्या.

त्या मशीनवरचं पहिलं घोडियुं असं उतरलं, की त्याचं त्यालाच खरं वाटेना. कुठे भोक नाही, कुठे डाग नाही. बोट फिरवलं तर सांधा ओवलेल्या मण्यांसारखा लागत होता. गजेंद्र हरखून गेला. त्याने झोळी टांगली, दोरी धरली आणि मस्त लांब झोका दिला.

रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. घोडियुं बनवणारे तर झोका तपासताना झोळीत नारळ ठेवतात. गजेंद्रनेही आजवर कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी आनंदाच्या भरात विसरला. आठवलं तेव्हा त्याने दोन्ही हातांनी झोळी थांबवली, शेजारून नारळ आणून ठेवला आणि स्वतःलाच म्हणाला, काही नाही, लोखंडाला काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी गॅसचा आवाज थांबेना. आर्क विझल्यावर गनमधून थोडा वेळ गॅस वाहतोच, तापलेला सांधा काळा पडू नये म्हणून. पण हा फुसफुसत राहिला. गजेंद्रने सिलिंडर बंद केला. मीटरचा काटा शून्यावर आला. आवाज चालूच. जरा थांबायचा, परत यायचा. त्याने गन कानाशी धरली. गन गप्प होती.

आवाज झोळीकडून येत होता.

मग हेल्मेटचं सुरू झालं. आर्क दिसला की त्याची काच काळी होते, एरवी स्वच्छ. दाराकडे पाहिलं, स्वच्छ. भिंतीकडे पाहिलं, स्वच्छ. झोळीकडे पाहिलं की काळीकुट्ट. सेल उतरला असेल म्हणून त्याने सेल बदलला. फरक पडला नाही.

तो आता घाबरला होता. नारळ त्याने काढून देवळात दिला आणि झोळी तेवढी रंगाच्या दिवशी उतरवू म्हणून राहू दिली. हात लावायचं धाडस होत नव्हतं, हे खरं.

आज सकाळपासून घोडियुं हलत होतं. थोडंच. शेजारच्या लूमच्या हादऱ्याने तर गाळ्यातला चहाचा ग्लाससुद्धा सरकतो, असं त्याने मनाला समजावलं.

दुपारी लाइट गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले.

झोळी हलत राहिली.

गजेंद्र उठला. झोळी आवळून धरली, दांड्याला तारेने करकचून बांधली.

फोन वाजला. हर्षदा होती.

"तुम्ही घर या," ती म्हणाली. "सकाळपाईन पोटमा बाळ नुसतं झोके ली ऱ्हायनं व्हतं. आते एकदम थांबनं. हालतच नई शे."

त्याने तारेकडे पाहिलं.

तार कापायला पकड सापडेना. त्याने तार नखांनी सोडवली, बोटं सोलली. झोळी मोकळी होताच त्याने दोरी ओढली. रिकाम्या घोडियाला, जाणूनबुजून, झोका दिला.

"हालनं," हर्षदा म्हणाली आणि रडू लागली.

"येतो मी. लगेच निघतो."

त्याने दोरी सोडली. झोका मंदावला. "परत थांबनं!" फोनवर हर्षदा ओरडली.

त्याने पुन्हा दोरी धरली.

बराच वेळ तो ओढत राहिला. फोन कानाशी, दोरी दुसऱ्या हातात. हळूहळू तिचं रडणं थांबलं.

"आते बरं वाटी ऱ्हायनं," ती म्हणाली. "पोट बी हलकं लागी ऱ्हायनं."

दोरी आता मघापेक्षा जड लागत होती.