उजव्या नाकाची चमकी

"त्या सटवीच्या नावानं करा तेरवी! मी नाही बसत तुह्या बापाच्या फोटोपुढं!" असं म्हणून गोदाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मांडवातली भावकी दाराशी गोळा झाली.

झालं होतं असं, की त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या, महादेवरावांच्या ट्रंकेत धोतरांखाली पेन्सिलीनं काढलेलं एका तरुण मुलीचं चित्र निघालं. ना नाव, ना सही. केस पाठीवर मोकळे, नजर थेट समोर रोखलेली... आणि चमकी उजव्या नाकपुडीत! आता भातकुलीसारख्या गावात कोणती बाई उजवं नाक टोचते? मग काय, ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावून टाकला.

"आपल्यातली नाहीच हे," अकोल्याहून आलेला त्यांचा मुलगा शेखर म्हणाला. "बाबा अमरावतीले मुक्काम करत, ते हिच्याचसाठी काय?"

शेखरची मोठी बहीण शालू पिठाची परात धरून दाराशी उभी होती. बाबा गेल्यापासून तिच्या आत काही हलतच नव्हतं. चित्र पाहूनही हललं नाही. डोक्यावरून न्हाऊन केस वाळवताना, आरशात पाहून, तिनंच ते काढलं होतं... अमरावतीच्या चित्रकलेच्या कॉलेजात दाखवायला! प्रवेशही मिळाला होता. पण त्याच वर्षी शेखर शिकायला अकोल्याला निघाला. "त्याले खोलीवर कोन रांधून घालीन, शालू? अन त्याले हे सांगू नको, मन उडीन त्याचं अभ्यासातून," म्हणत बाबांनी चित्र मागून घेतलं. ती गेली, रांधत राहिली, आणि रांधता रांधता लग्नाचं वयही निघून गेलं. शब्द तिनं आजवर पाळला होता, पुढंही पाळला असता...

"त्याच्यासंगचा सारा संसार खोटा निघाला वं शालू!" गोदाबाईंनी पाण्याचा पेला ढकलून दिला.

शालूनं परात खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि चित्र कपाटाच्या आरशासमोर धरलं.

"आरशात पाह्य, माय."

आरशात चमकी डाव्या नाकपुडीत आली. गोदाबाईंनी आरशाकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या लेकीच्या नाकाकडे.

"अवं... हे तर तू! बिनवेणीची तुले कधी पाह्यलीच नाही म्या... जलम देऊन वळखू आली नाही वं मले!"

"कॉलेजासाठी काढलं होतं," शालू म्हणाली. "नंबर लागला होता. मंग अकोल्याले गेलो आपन."

शेखरचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई... मले काहून नाही सांगतलं?"

"तू कधी इचारलंच नाही."

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं! शेखर तिच्या पायांवर कोसळला, लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. तिनं सवयीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रड वं बाई, एकदा रड!" गोदाबाईंनी तिला शेजारी बसवून कुशीत ओढलं. पण शालूचे डोळे कोरडेच.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "शालूताई, चुलीवर कढई ठेवू का?"

ती उठायला लागली. आईनं मनगट सोडलं नाही. "पाहतीन ते. तू बस."

शालू बसली... नुसतं बसून काय करायचं असतं, ते मात्र तिला काही केल्या आठवेना.