लग्नावरच्या घिरट्या

लाल्ला रहमाला विमानात चढवणं सोपं नव्हतं. लख्दारने हात धरून ओढलं, धावपट्टीवरच्या हमालाने मागून टेकू दिला, तेव्हा कुठे सासूबाई आत शिरल्या. गारदाया शहरात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, त्यावर जाड पट्टी होती. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा.

"जावयाच्या गाढवावरसुद्धा कधी बसले नव्हते मी," म्हातारी कुरकुरली. "आणि आज हे भलतंच."

"गाढव लाथा मारतं, लाल्ला. हे नाही मारत."

"मारतं रे बाबा. मला विचार."

लख्दारने तिचा पट्टा आवळला. या बाईचा एकुलता एक मुलगा, तय्यिब, वैमानिक होता. लख्दारला विमान चालवायला शिकवलं तेही त्यानेच. तो गेला त्याला सात वर्षं झाली. बसने गावी, तिमेलानला परतायचं तर दोन दिवस हादरे खायचे, डोळ्याचे टाके तुटले असते, म्हणून म्हातारी नाइलाजाने या एका इंजिनाच्या टपालविमानात बसायला तयार झाली होती. लख्दारने तिच्या कानांवर हेडफोन चढवले, म्हणजे इंजिनाच्या आवाजात बोलता येईल.

वारा दुपारीच पडला होता, पण वाळूची धूळ अजून हवेत होती. खाली वाळवंट आणि वर आभाळ, सगळं एकाच मळकट पिवळ्या रंगाचं. म्हातारी पिशवीतले खजूर चघळत बसली. सूर्य खाली उतरत होता, घर अर्ध्या तासावर आलं होतं, आणि तेव्हाच समोरचा लहानसा लाल दिवा लागला.

वीज तयार करणारं यंत्र बंद पडलं होतं. लख्दारने खटका बंद करून पुन्हा चालू केला. काटा थरथरला आणि परत पडला. आता उरली ती फक्त बॅटरी, तीही जुनी. घाबरायचं कारण नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. इंजिनाची ठिणगी इंजिनातच तयार होते, ते चालत राहतं. जातात ते दिवे, रेडिओ, तेलाचे काटे. बॅटरी वाचवायला त्याने एकेक खटका पाडत नेला. फक्त रेडिओ ठेवला.

"तिमेलान, ऐकतोयस का हम्मू? वीज गेलीय माझी. पट्टीवर दिवे लाव. हम्मू..."

खरखर झाली. हम्मू हा धावपट्टीचा राखणदार. रेडिओवर सांगितलं तरच तो तेलाचे दिवे मांडायचा, नाहीतर सूर्यास्ताच्या मगरिब नमाजाआधी कुलूप घालून घरी जायचा. खरखर बारीक होत होत थांबली. लख्दारने शेवटचा खटकाही पाडला. आता हेडफोन म्हणजे कानाला लावलेल्या नुसत्या वाट्या.

रेडिओ गेलेल्या विमानाने काय करायचं हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गावावर तीन घिरट्या घालायच्या आणि पंख हलवायचे. मग गाव पट्टीकडे धावतं, दिवे लावतं.

तय्यिबनेही तेच केलं होतं.

त्या संध्याकाळी त्याच्या बहिणीचं, मबरूकाचं लग्न होतं, आणि नवरदेव होता लख्दार. "वरातीवर विमान फिरवीन, पंख हलवून सलाम करीन," अशी बढाई तय्यिबने महिनाभर गावभर मारली होती. त्यामुळे विमान आलं, फिरलं, पंख हलले, तेव्हा बायकांनी गळे फाटेस्तोवर आनंदाचं लूलूलू केलं. पुरुषांनी बारुदाच्या बंदुका उडवल्या. हम्मू तर ढोल वाजवण्यात दंग होता. लख्दारने पांढरा बर्नूस झगा सावरत, हसत दोन्ही हात वर केले होते. विमान पुन्हा आलं, पुन्हा फिरलं. किती लाड बहिणीचे, असं सगळे म्हणाले. मग अंधार झाला आणि आवाज वाळूच्या टेकड्यांकडे निघून गेला.

सकाळी कोसळलेलं विमान सापडलं तेव्हा त्यातले सगळे खटके व्यवस्थित पाडलेले होते, वीज त्याचीही गेली होती. त्याने काहीच चुकवलं नव्हतं. मबरूकाने तेव्हापासून आभाळाकडे मान वर केली नव्हती. आज तिचा नवरा आणि आई दोघंही याच आभाळात अडकले होते, आणि उजेड झपाट्याने जात होता.

"डावीकडे घे," म्हातारी म्हणाली.

"काय?"

"डावीकडे धूळ कमी आहे म्हणतो."

"कोण म्हणतो, लाल्ला?"

हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून म्हातारी किंचित हसत होती. लख्दारने विमान डावीकडे वळवलं. धूळ विरळ झाली, आणि खाली तिमेलानची खजुराची झाडं दिसली, अंधारात बुडत चाललेली.

त्याने तीन घिरट्या घातल्या. पंख हलवले. खाली हालचाल नव्हती. त्याला रडू फुटणार होतं, तोच गल्लीतून एक मोटार निघाली. मग दुसरी. मग सगळं गावच निघालं. मोटारी धावपट्टीच्या दोन्ही कडांना उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दिव्यांची लांबलचक वाट तयार झाली. वेग आवरणाऱ्या पंखांच्या झडपा विजेशिवाय उघडणार नव्हत्या, म्हणून तो जोरात उतरला, पट्टीचं पार टोक गाठून थांबला. इंजिन बंद केलं. घाण झालेल्या तेलाचा वास आत भरला.

मबरूका धावत आली आणि त्याच्या छातीवर डोकं आपटू लागली. हम्मू मागून धापा टाकत आला.

"बरं झालं, सहा फेऱ्या मारल्यास. पहिल्या तिनांना मी घरात होतो, वाटलं भासच झाला."

"मी तीनच मारल्या, हम्मू."

"सहा मारल्यास रे. सगळ्या गावाने मोजल्यात."

आणि तेव्हा वरून आवाज आला. एका इंजिनाचा, बारीक, दमलेला. दिवा एकही नाही.

कुणीतरी म्हणालं, "इंजिनं बंद करा. ऐकू द्या." सगळ्या मोटारींची इंजिनं बंद झाली. दिवे मात्र कुणी मालवले नाहीत. तो आवाज गावावर फिरला, पट्टीवर आला, पुन्हा गावाकडे गेला. बायका तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या.

"यम्मा, उतर खाली," मबरूका आईला म्हणाली.

"थांब गं. बोलतेय ना मी." म्हातारी आतच बसली होती. हेडफोनची वायर तिच्या मांडीवर सुटी पडली होती. "दिवे लावलेत रे राजा... सगळं गाव आलंय. ये आता... ये की रे."

बराच वेळ गेला. इंजिनं बंद, दिवे चालू. मोटारींच्या बॅटऱ्या हळूहळू उतरू लागल्या. पट्टीच्या टोकाचा दिवा पिवळा पडला, लाल झाला, विझला. माणसं किल्ल्या फिरवत होती, पण एकही मोटार सुरू होईना. उजेडाची ती वाट टोकाकडून आखडत येत होती.

"उजेड जातोय गं," म्हातारी हुंदका देत म्हणाली. तिच्या डाव्या डोळ्याला तेवढं कळत होतं. "त्याला सांग, मबरूका. माझं ऐकत नाही तो."

मबरूकाने हेडफोन आपल्या कानाला लावले. सात वर्षांत पहिल्यांदा तिने मान वर केली.

"दादा... उतर ना रे. आम्ही तुझ्यासाठीच आलोय."

ती ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू लहान मुलीसारखा झाला.

"काय म्हणतो?" लख्दारने विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं.

"म्हणतो, ढोल किती छान वाजतोय..." तिने हेडफोन आणखी घट्ट दाबले. "म्हणतो, लख्दार हात हलवतोय, दिसतोय मला... नाचू द्या त्यांना. झालं की लावतील दिवे. मी थांबतो."

शेवटचा दिवा विझला. वरचा आवाज पंख हलवल्यासारखा क्षणभर डळमळला, आणि पुन्हा पहिल्यापासून घिरटी घालू लागला.