टेकडीवरचा उघडा खड्डा

"तंबू लावता येते ना तुले? का मी येऊ सोबत?" देवमनमामानं पुन्हा विचारलं.

"मामा, एकटीनं राहायचंय म्हणून तर पुण्याहून आले," सुकेशनी म्हणाली.

नववीतल्या सुकेशनीनं ही एक रात्र आईशी वर्षभर भांडून मिळवली होती. किन्हीराजा गावाजवळ मामाचं शेत होतं, त्यामागे टेकडी. मामाचा मुलगा धम्मरत्न पाण्याची कॅन वर ठेवून गेला. "ताई, काही झालं तं टॉर्च हालव. आमी शेतातच हाओ."

ऊन उतरलं तेव्हा तंबू ताठ उभा होता. सुकेशनी त्याच्याकडे कौतुकानं पाहत होती, तेवढ्यात तिला हरणाचं पाडस दिसलं. नवल म्हणजे ते पळत नव्हतं. एकाच झुडपाभोवती घुटमळत होतं.

झुडपामागे खड्डा होता. कुठल्यातरी टॉवरसाठी यंत्रानं खणून तसाच सोडलेला. तळाशी हरणी पडली होती. पुढचे पाय रोवून ती उठू पाही आणि कोसळे. मागचे पाय हलतच नव्हते.

सुकेशनीनं टॉर्च हलवली. एकटीनं राहायचा हट्ट तिथंच संपला.

मामा आणि धम्मरत्न दोर घेऊन धावत आले, तसं पाडस झाडीत पळालं. तिघांनी मिळून हरणीला वर काढलं. सुकेशनीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीनं पाणी पाजलं. मामानं वनखात्याला फोन केला, पण जनावरांचे डॉक्टर सकाळीच येणार होते.

"वाचेल ना, मामा?"

मामानं हरणीच्या पाठीवरून हात फिरवला. "कंबर मोडली तिची, बाई."

उजाडता उजाडता हरणी गेली. डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डॉक्टरांसोबत आलेल्या वनरक्षक उज्ज्वलाताईंनी टॉवरच्या ठेकेदाराच्या माणसाला बोलावून घेतलं. तो गाडीतून उतरला आणि म्हणाला, "तारेचं कुंपण होतं ना मॅडम. काल-परवा चोरलं असंल कोणीतरी."

"तार कशाला बांधली होती?" सुकेशनीनं विचारलं. रडून तिचा आवाज बसला होता.

"खांबाले. अजून कायले?"

"मग खांबांचे खळगे कुठे आहेत? आम्ही चारी बाजूंनी पाहिलं. एकही नाही."

धम्मरत्ननं खणलेल्या मातीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "अन् ह्या ढिगावर गवत उगून वाळलं बी. पावसाळ्याच्या आंधीपासून उघडाच हाये हा."

तो माणूस गाडीकडे वळला. उज्ज्वलाताईंनी त्याला जागेवरून हलू दिलं नाही. दुपारी जेसीबी आला आणि हरणीला तळाशी पुरून खड्डा बुजवला.

"शाब्बास पोरी... तू बी रे, धम्मरत्न," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "तुमी नसते तं अजून किती जनावरं गेली असती!"

मामानं सुकेशनीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुया आईले सांगतो, पोरगी धीराची हाये."

सुकेशनीनं मान हलवली. ऐकून तिला काहीच वाटलं नाही.

"ते पाडस आता जगेल का, ताई?" तिनं विचारलं.

"कळपात मिसळलं तं जगते," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

सगळे खाली निघाले. सुकेशनीनं तंबू गुंडाळला, पाठीवर घेतला आणि एकदा वळून पाहिलं. पाडस परत आलं होतं. बुजवलेल्या मातीला नाक लावून ते हुंगत होतं.

कळप कुठंच दिसत नव्हता.