मुकुंदराव धकातेचा आवाज

मोबाईल खाली ठेव, विक्की. आधी ठेव, मंग सांगतो. तुम्हा पोट्ट्यायले गोष्ट आयकाची हौस, अन् कोणी जरा हळू बोल्लं की बोटानं पुढं सरकवाची घाई. मले सरकवता येत नाई, बाप्पा. पायल, तू इकडं बस वं, तिथं हवा लागते. लाईट यायची तवा येईन.

बळीरामले तुम्ही वळखता. जरीपटक्यात कपड्याच्या दुकानावर त्याचा आवाजाचा स्टुडिओ, अन् खाली माही चायची टपरी. सिनेमात माणूस तोंड हालवते ना, त्याच्यावर मागून आवाज बसवाचा, हे त्याचं काम. दिवसा खाली बजाराचा कलकलाट, म्हणून हे काम तो रात्रीच करे. त्याच्यासंगं झालं ते सांगतो. त्यानं मले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चायचा कप दोन्ही हातानं धरून सांगतलं. चाय थंडी झाली, पेली नाई.

गोष्ट मागच्या वर्षीची. पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीची रात्र. साडेअकराले बळीराम स्टेशनवर गेला, पुण्यावरून एक आर्टिस्ट येणार होता त्याले आणाले. गाडी टायमावर आली. पाहुणा भला माणूस होता. रस्त्यानं त्यानं विचारलं, "कोणासाठी आवाज द्यायचाय मला?"

बळीराम बोल्ला, "एक म्हातारे नट होते. आज दुपारी वारले."

तो नट म्हणजे मुकुंदराव धकाते. तुमच्या बापाले विचारा, ते सांगतीन. उमरेडचा कोष्ट्याचा पोरगा. मागावर बसून नाटकातली भाषणं पाठ करे, बाप ओरडे का सूत तुटते म्हणून. पण आवाज काय गा! झाडीपट्टीत रात्रभर नाटक चाले, माईक बिघडला तं बाकीचे नट घाबरून जात. हा पुढं येऊन उभा राहे अन् पार शेवटी बांबूच्या तट्टीजवळ बसलेल्या बुढीलेबी शब्द न् शब्द आयकू जाये. राजा केला, दुर्योधन केला, फाशीवर जाणारा कैदी केला. लोकं बैलबंडी जुंपून त्याच्या नाटकाले येत.

मंग सिनेमावाल्यायनं त्याले मुंबईले नेलं. चांगलं झालं म्हणतान? अरे, कशाचं चांगलं! चाळीस वर्षं त्या माणसानं सिनेमात काम केलं, हवालदार झाला, मुनीम झाला, पोरीचा बाप झाला, अन् एकाबी सिनेमात त्याचा आवाज नाई ठेवला. "तुमची बोली गावठी येते, मुकुंदराव." तोंड याचं, आवाज दुसऱ्याचा. अन् सिनेमात आपली बोली पायजे असन तं रोल कोणता? दारुड्याचा. नाई तं भांडी घासणाऱ्या गड्याचा. आपण बोल्लो का यायले हासू येते! मले अजूनबी त्याची चीड येते. का आपल्याले रडता येत नाई? का आपण मरताना पुण्याच्या भाषेत मरतो?

"आबाजी, तुम्ही चिडू नका, पुढं सांगा," म्हणे पियुष. सांगतो ना. चिडूबी देत नाई लेक.

त्याची बायको यमुताई. नवीन लगन झालेली असताना उमरेडच्या टॉकीजमधी नवऱ्याचा पहिला सिनेमा पाह्याले गेली. अर्ध्यातून पळत घरी आली अन् मीठ-मिरच्या उतरवाले बसली. मुकुंदराव घरी आला तं त्याच्याजवळ जाईना. म्हणे, "तोंड तुमचं होतं, पण आतमधून कोणी दुसराच बोलून राहिला होता. तुमाले काईतरी लागलं." त्यानं लय समजावलं का मशीन असते, असं करतात. तिले समजलंबी. पण त्याच्या नंतर तिनं त्याचा एकबी सिनेमा पाह्यला नाई. "दुसऱ्या माणसाच्या आवाजातला नवरा मले नाई पाहाचा," बस.

हे त्या माणसाच्या मनात काट्यासारखं बसलं. एक सिनेमा, एक भाषण, आपल्या आवाजात, यमीनं आयकावं. बाकी त्याले काई नोको होतं.

अन् सत्तरी उलटल्यावर तसा रोल भेटला. रामटेकच्या बाजूले शूटिंग झालं. धरणात गाव बुडालेला म्हातारा. शेवटी तो पाण्याच्या काठावर उभा राहून बुडालेल्या गावाले हाका मारते, एकेका घराचं नाव घेते. मंग तोंड मिटून नुसता पाण्याकडं पाहात राहते, अन् सिनेमा संपते. डायरेक्टरनं सांगतलं होतं का आवाज तुमचाच ठेवू, नागपुरातच बळीरामच्या स्टुडिओत या अन् बोलून जा.

मुकुंदराव उमरेडवरून एसटीनं ये. माह्या टपरीवर बसे. वरतून बळीराम उतरे, म्हणे, "आज नाई जी, मुंबईवरून सिनेमाचं चित्र नाई आलं." उद्या या. परवा या. पुढच्या हप्त्यात या. बळीरामच्या हातात काय होतं? सिनेमाचा मालक तारीख देईना. मंग म्हातारा फोन करे. सकाळी फोन, रात्री फोन. "बळीराम, माहा आवाज कवा?" आवाज बसून चालला होता त्याचा, खोकला लागला होता. बळीराम कावला होता पुरा. इकडून मालक दाबते, तिकडून म्हातारा. मंग एक दिवस मालकानं सांगून टाकलं, म्हाताऱ्याचा गळा गेला, पुण्याचा माणूस पाठवतो. हे मुकुंदरावले सांगाची हिंमत बळीरामले झाली नाई. तो फोन उचलेना.

आता आयका.

मारबतीच्या दिवशी आपल्या इथं काय करतात ते तुमाले सांगाले नोको. काळी-पिवळी मारबत निघते, बांबू-कागदाची मोठी बाहुली, अन् माणूस जो त्रास असन तो तिच्यावर टाकते. रोगराई घेऊन जाय गे मारबत. महागाई घेऊन जाय गे मारबत. पोट्टे तं आपल्या मास्तरचंबी नाव घेतात. बळीराम दुपारी इतवारीत त्या गर्दीत उभा होता. खिशात फोन वाजला. पाह्यलं, मुकुंदराव. डोकं फिरलं त्याचं. हात वर करून वरडला,

"मुकुंदरावचा आवाज घेऊन जाय गे मारबत!"

आजूबाजूचे पोट्टे हासले. त्यायनंबी री ओढली. फोन वाजून वाजून बंद झाला.

संध्याकाळी उमरेडवरून त्याच्या पोरीचा, वेदिकाचा फोन आला. दुपारी बाबा गेले. फोन हातातच होता म्हणे. पोरगा बाहेरगावावरून यायचा, मौत सकाळी निघन.

बळीराम तवाच गाडी काढून उमरेडले जाणार होता. पण मालकाचा फोन, "पाहुणा गाडीत बसलाय, रात्रीतून काम पाहिजे." काय करते? पोट आहे ना मागं. म्हणून तो उमरेडच्या रस्त्यानं न जाता स्टेशनच्या रस्त्यानं गेला. हे त्याच्या मनाले लय लागलं.

तं पाहुण्याले घेऊन तो वर आला. बारा वाजून गेले होते. बजार सामसूम. काचेच्या त्या बाजूले पाहुणा, माईकपुढं, कानाले हेडफोन. या बाजूले बळीराम, मशीनपाशी. पडद्यावर मुकुंदराव, पाण्याच्या काठावर उभा.

पाहुण्यानं भाषण बोल्लं. छान बोल्ला. बळीरामनं मागं घेऊन वाजवलं.

आवाजच नाई.

पाण्याचा आवाज आहे, पाखरायचा आहे. पाहुण्याचा नाई. बळीरामले वाटलं तार ढिली असन. तार पाह्यली, परत घेतलं. परत तेच. पडद्यावरचा म्हातारा तोंड हालवते... अन् काईच नाई.

पाहुणा कंटाळला. "मी जरा पाणी पितो," म्हणे. बाटली तोंडाले लावली.

अन् मशीनवरचे दिवे लागले.

आवाज आला का ते हिरवे दिवे वर चढतात. पाहुण्याच्या तोंडात बाटली. खोलीत दुसरं कोणी नाई. दिवे चढून राहिले, उतरून राहिले. पडद्यावर मुकुंदरावचे ओठ हालले का दिवे वर. ओठ थांबले का दिवे खाली.

बळीरामनं हेडफोन कानाले लावला नाई.

काचेतून पाहुण्यानं त्याच्याकडं पाह्यलं. बाटली हळूच खाली ठेवली. त्याच्या कानात हेडफोन होता.

"बळीरामजी... कोण बोलतंय?"

पाहुण्यानं हेडफोन कानावर दाबून धरला.

"खोकतंय कोणीतरी... गावाची नावं घेतंय..."

बळीरामचा हात मशीन बंद कराच्या बटनावर होता. बंद केलं असतं तं संपलं असतं. त्यानं मले सांगतलं, नत्थूजी, बोट दाबाले खाली गेलं होतं... अन् मले म्हाताऱ्याची ती एसटी आठवली. तुमच्या टपरीवरचं ते बाकडं आठवलं. मी हात मागं घेतला.

अन् हेडफोन कानाले लावला.

तोच. झाडीपट्टीतला. खोकला नाई, गळा बसलेला नाई... भरदार, तरणा. एकेका घराले हाक मारून राहिला.

बळीराम रडाले लागला. काचेले कपाळ लावून म्हणे, "चुकलो जी, मुकुंदराव. मी दुपारी... चुकलो."

दिवे खाली बसले.



मंग एक श्वास. एवढाच... अन् राहिलेलं भाषण पुरं झालं.

पाहुणा जमिनीवर बसून गेला होता. "मी तोंड उघडलं नाही हो," एवढंच तो स्टेशनवर जाईस्तोर म्हणत होता. बळीराम त्याले गाडीत बसवून तसाच उमरेडले गेला, मौतीले पोचला.

आता याच्यात राग येण्यासारखं काय, सांगू? मालकानं ते आयकलं अन् खूश झाला. "काय नक्कल केली पुण्याच्या माणसानं!" पाहुण्यानं फोन करून करून सांगतलं का माझं नाव टाकू नका, तो मी नाही. बळीरामनं सांगतलं. कोण आयकते? सिनेमाच्या नावाच्या पाटीवर छापलं, आवाज अमक्या अमक्याचा. मेल्यावरबी त्या माणसाचा आवाज त्याच्या नावावर नाई लागला. थुत्!

सिनेमा उमरेडले लागला तवा वेदिका मायले घेऊन गेली. यमुताई कबूल नोहती. बळीराम स्वतः न्याले गेला, म्हणे, "काकू, या वेळी चाला." मीबी संगं होतो. बुढी डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या रांगेत बसली. नवरा पडद्यावर आला का मान खाली घाले. मंग तो पाण्याच्या काठावर उभा राहिला, पहिली हाक मारली, अन् तिची मान वर झाली ते खाली गेलीच नाई. वेदिकाचा हात धरला होता तिनं. भाषण संपलं. शेवटचं चित्र आलं, म्हातारा तोंड मिटून पाण्याकडं पाहून राहिला. इथं फक्त पाण्याचा आवाज. बळीरामनं ती जागा शंभर वेळा आयकली होती.

ओठ मिटलेले. हालले नाई. मी पाह्यले.

"यमे... आयकू येऊन राहिलं का?"

पुढचे लोकं मागं वळून पाहाले लागले. बळीरामनं माहं मनगट धरलं.

यमुताई उठून उभी राहिली. अंधारात, पदर सावरत.

"येऊन राहिलं जी," म्हणे. "बोला."

बळीरामनं त्याच रात्री येऊन मशीन लावली. त्या जागेवर त्याच्यापाशी पाण्याशिवाय काई नाई. पण सिनेमात ते वाक्य आहे. जिथं जिथं लागला तिथं लोकायनं आयकलं. आता तो सिनेमा मोबाईलवरबी आला म्हणतात. पायल, तू काहून उचलला वं मोबाईल? ठेव. बरं, पाहाचाच असन तं शेवटी पाहा, ओठ मिटलेले आहेत.