बुधवारचं दीड युनिट

मी गणिताची बाई. डिचोलीच्या शाळेत चौदा वर्षं त्रैराशिक शिकवलंय, तेव्हा आकड्यांत मला कुणी गंडवू नये. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी घरातली वीज कमी करायचं मनावर घेतलं. शंभरचे बल्ब काढून चाळीसचे लावले, पंख्याची वेळ ठरवली, आणि सकाळी निघताना व संध्याकाळी आल्यावर मीटर वाचून चौकटीच्या वहीत लिहायला लागले.

शिवदास हसायचा. नवऱ्याचं नाव घेतेय, घेऊ दे; आता कसला मान द्यायचा! "विनोदिनी, त्या मीटराक पयलीच्या वर्गात घाल," म्हणायचा. तो सुर्ल्याला खाणीवर ट्रकांची वजनं लिहायला होता. आम्हाला मूलबाळ नाही, घरात फ्रिज नाही. दिवसभर कुलूप. म्हणजे दिवसाचा आकडा शून्य यायला हवा, आणि यायचाही. फक्त बुधवारी दीड युनिट.

बुधवारी डिचोलीचा बाजार. मी शाळेतून परस्पर बाजाराला जाते, उशिरा येते, हे शिवदासला पक्कं ठाऊक. दीड युनिट म्हणजे साडेसातशे वॅटची वस्तू दोन तास. आमच्याकडे तशी एकच, इस्त्री. ती मी कधीमधी हातात घेते, आणि तीही रविवारी.

शिवदासचे शर्ट मात्र नेहमी कडक. "बसस्टँडवरच्या यशवंताकडे दितंय," म्हणायचा. मी इस्त्रीवाल्या यशवंतालाच गाठलं.

"शिवदासबाब?" तो कोळसे हलवत म्हणाला. "बाई, तांचो एक शर्ट कधी माझ्या हाताक लागलो नाय."

कोण ही मेली? माझ्या घरात, माझ्या इस्त्रीनं, माझ्या नवऱ्याचे शर्ट! घरी काही बोलले नाही. पुढच्या बुधवारी इस्त्रीच पिशवीत घालून शाळेत नेली. संध्याकाळी मीटर बघितला. दीड युनिट.

मग त्याच्या पुढच्या बुधवारी रजाच टाकली. शिवदास कामावर गेल्यावर पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, मागच्या दारानं आत शिरून कडी घातली आणि पडवीत मीटरसमोर स्टूल घेऊन बसले.

दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना मीटरची चकती फिरायला लागली. घड्याळ लावून मोजलं. दोन मिनिटांत पंधरा फेरे. मीटरवर लिहिलंय, सहाशे फेऱ्यांना एक युनिट. म्हणजे बरोबर साडेसातशे वॅट.

मी फ्यूज उपसून मुठीत घेतला. चकती फिरतच राहिली.

आतल्या खोलीतून ओल्या कापडावर गरम लोखंड फिरल्याचा वास आला. दार ढकललं. आत कुणी नव्हतं.

पलंगावर शिवदासचे पाच शर्ट, घड्या घातलेले. एकाच्या कॉलरला हात लावला. चटका बसला.

शिवदास साडेपाचला आला. मी रडत, ओरडत सगळं सांगितलं. 'कोण होतं' म्हणून त्यानं विचारलं नाही. पाय धुतले, खुर्चीत बसला.

"बुधवारी घरात रावपाक तुका कोणी सांगलेलां?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

तो पाय पुसत राहिला. खोलीत जे काही होतं त्याची मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण ह्या माणसाचं असं निवांत पाय पुसत बसणं त्याहून झोंबलं. इतकी वर्षं मला फसवलं, आणि आजही बाजू तिचीच.

काय करावं सुचेना, म्हणून चहा टाकायला गेले. स्वयंपाकघरातून तो समोर दिसत होता. खुर्चीतून हलला नव्हता.

परत आले तर उंबऱ्याजवळ माझी प्रवासाची बॅग.

"पेडण्याची शेवटची बस साडेसहाक आसा," शिवदास खाली बघत म्हणाला. पेडण्याला माझं माहेर.

मी बॅगेची चेन ओढली. आत माझ्या साड्या. सगळ्या. एकसारख्या घड्यांच्या.

वरच्या साडीवर तळहात ठेवला. गरम होती.